उजेड अंगावर पडू दे! बाथरूमच्या दिव्यांच्या चटपटीत गोष्टी

घराचं काम निघालं की टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घातली जातात, नळांचे कॅटलॉग चाळले जातात, शॉवर हातात धरून जोखला जातो. दिव्याचं मात्र ‘वायरमन लावेल काहीतरी’ एवढ्यावर भागतं. मग दाराच्या वर नाहीतर छताच्या मधोमध एक पॉइंट निघतो आणि पुढची कित्येक वर्षं दाढी, टिकली, बाळाची अंघोळ, आजोबांची रात्रीची फेरी असं सगळं त्या एकाच उजेडात चालतं. खरं तर पाणी, वाफ, ओली फरशी आणि चकचकीत भिंती यांमुळे दिव्याची सगळ्यात कठीण परीक्षा याच खोलीत असते. निवडीचं सूत्र मात्र सोपं आहे: उजेड माणसावर पडला पाहिजे. चेहऱ्यावर, हातांवर, पावलांवर. हे सूत्र हाताशी ठेवून या गमती वाचा आणि मग दुकानात जा.

१. आरशाला उजेड नको, चेहऱ्याला हवा

आरशावर झोत टाकून चेहरा उजळत नाही. आपल्याला दिसतो तो चेहऱ्यावरून निघून आरशावर आदळलेला आणि तिथून डोळ्यांत परतलेला प्रकाश. पटत नसेल तर रात्री दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च छातीजवळ धरा आणि सरळ आरशावर रोखा. काचेत टॉर्चचा लखलखीत ठिपका दिसेल, चेहरा अंधुकच राहील. आता टॉर्च आरशाजवळ नेऊन स्वतःकडे वळवा. नाक, डोळे, कपाळ क्षणात स्पष्ट होतील. मिरर लाइट विकत घेताना एवढंच बघायचं, की त्याचं तोंड उभ्या माणसाकडे आहे ना.

२. डोक्यावरचा दिवा वय वाढवतो

छतातला डाउनलाइट बरोबर डोक्यावर आला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते, नाकाची ओठांवर पडते आणि हनुवटीची गळ्यावर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं नसतानाही ती दिसायला लागतात. दाढी करणाऱ्याला जबड्याखालची खुंटं दिसत नाहीत, कारण नेमका तोच भाग सावलीत असतो. उपाय म्हणजे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या पातळीवर, फरशीपासून साधारण पाच-साडेपाच फुटांवर एकेक दिवा. एका बाजूच्या दिव्याने पाडलेली सावली दुसऱ्या बाजूचा दिवा पुसून टाकतो. गोल बल्बऐवजी दीड-दोन फुटांची उभी पट्टी घेतली तर उंच वडील आणि शाळकरी मुलगी, दोघांचीही सोय होते.

३. रंगपटातलं शहाणपण

नाटकाच्या रंगपटात आरशाच्या चौकटीभोवती बल्बची रांग असते, ती शोभेसाठी नसते. चहूबाजूंनी उजेड आला की चेहऱ्यावर सावली टिकत नाही, त्यामुळे रंगभूषेतली चूक तिथल्या तिथे दिसते. हॉलिवूडमधले रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर तर याच्याही पुढे गेले. १९३५ साली उघडलेल्या त्यांच्या सलूनमध्ये केसांच्या रंगांनुसार वेगवेगळ्या खोल्या होत्या: सोनेरी केसांसाठी निळी, लाल केसांसाठी हिरवी, गडद केसांसाठी गुलाबी. भिंतीचा रंग उजेडात मिसळून चेहऱ्यावर उतरतो, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. गडद हिरव्या टाइल्स निवडताना हे लक्षात असू द्या. थोडा हिरवेपणा गालांवरही येतो.

४. आरसा अर्धाच पुरतो

संपूर्ण देह बघायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. तो योग्य उंचीवर सरळ टांगलेला हवा, इतकंच. मागे सरकल्यावर आणखी दिसेल ही समजूतही चुकीची. सपाट आरशात मागे गेलं तरी देहाचा तेवढाच भाग दिसतो. दुसरी गंमत अंतराची. बेसिनमुळे आपण आरशापासून दोन फुटांवर उभे राहतो, तेव्हा प्रतिमा डोळ्यांपासून चार फुटांवर असते. चार फुटांवरच्या माणसाच्या पापणीला काजळ लावायचं म्हणजे उजेड भरपूर हवाच.

५. केल्व्हिनचं उलटं गणित

दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. आकडा कमी तर उजेड पिवळा, आकडा जास्त तर निळसर पांढरा. मेणबत्ती सुमारे १९००, जुना तारेचा बल्ब २७००, भर दुपारचं ऊन ५५००च्या आसपास आणि दुकानात ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळतो तो ६५००. आरशापाशी ३००० ते ४००० केल्व्हिन बरा: चेहरा पिवळा पडत नाही, पांढराफटकही दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका बाथरूममधले सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या. डावीकडे पिवळा आणि उजवीकडे पांढरा लावला तर दोन गाल दोन माणसांचे वाटतात.

६. कुंकू खरं लाल दिसतंय का?

काही दिव्यांखाली लाल रंग विटका, तपकिरी दिसतो. दोष कुंकवाचा नसतो, दिव्याचा असतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय; कमाल १००. जुना तारेचा बल्ब जवळजवळ शंभर गुण मिळवायचा. एलईडी घेताना ९०च्या पुढचा मागा. यातली खोच अशी, की हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर ठरतो आणि गडद लाल त्या आठांत नसतोच. त्याचा गुण ‘आर ९’ या नावाने वेगळा मोजतात. त्वचेच्या रंगात लाल छटा मोठी असल्यामुळे आरशाच्या दिव्यासाठी हा आर ९ फार मोलाचा. खोक्यावर तो छापलेला नसेल तर दुकानातच दिव्याखाली तळहात धरून बघा. तो जिवंत, गुलाबीसर दिसला तर दिवा घ्या. राखट दिसला तर पुढचा दाखवायला सांगा.

७. पांढरा उजेड मुळात निळा

पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात, आणि निळा-पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा भासतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली बनवला होता. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना पुढे कित्येक वर्षं झुलवलं. तो साधणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, भारतात ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी पोचले.

८. वॅट विसरा, ल्युमेन विचारा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुना ६० वॅटचा बल्ब ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. तेवढं काम आता ८-९ वॅटचा एलईडी करतो. पण त्यातलं किती हाती लागतं ते टाइल्स ठरवतात. पांढरी टाइल तीन-चतुर्थांशाहून जास्त उजेड परत फेकते, काळी जेमतेम दहा टक्के. काळ्या टाइल्सची फॅशन करायची असेल तर दिव्यांचा हिशोब आधीच वाढवून धरा. चकचकीत टाइलमध्ये उघडा बल्ब जागोजागी चमकून डोळ्यांना टोचतो, म्हणून दुधी काचेचं किंवा दुधी अ‍ॅक्रिलिकचं आवरण घ्या.

९. झिरोचा बल्ब झिरो नव्हता

रात्रभर बाथरूममध्ये जळणारा तो लाल-हिरवा ‘झिरोचा बल्ब’ साधारण १५ वॅट वीज खायचा. रोज दहा तास लावला तर महिन्याला साडेचार युनिट. आज अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेवढाच वेळ जळून महिन्याला एक पंचमांश युनिटही खात नाही. म्हातारी माणसं घरात असतील तर विजेपायी तो बंद ठेवायचं काही कारणच उरलं नाही.

१०. आयपी म्हणजे दिव्याचा रेनकोट

आयपीपुढच्या दोन अंकांतला पहिला धुळीपासूनचा बचाव सांगतो, दुसरा पाण्यापासूनचा. घरातले नेहमीचे दिवे बहुधा आयपी २० असतात, म्हणजे पाण्यापुढे शून्य. आयपी ४४ कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसतो. आयपी ६५च्या परीक्षेत ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत मारतात. दुसरा अंक ७ असेल तर दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून काढलेला असतो. आपल्याकडे पाइप लावून भिंती धुतात, हँड शॉवर कुठेही फिरतो. म्हणून शॉवरजवळ आयपी ६५ आणि बेसिनजवळ निदान आयपी ४४ असू द्या.

११. माळा आणि सव्वादोन मीटरची रेषा

आंतरराष्ट्रीय विद्युत नियमांत बाथरूमचे विभाग पाडलेले आहेत. टबाच्या आत विभाग शून्य. त्याच्या वर, फरशीपासून २.२५ मीटर म्हणजे साधारण सात फूट चार इंचांपर्यंत, विभाग एक. त्याबाहेरचे ६० सेंटिमीटर विभाग दोन. टब नसेल, नुसता शॉवर असेल, तर विभाग एक शॉवरपासून १.२ मीटर पसरतो. आता आपली बाथरूम मोजा. चार बाय सहा फुटांची असली तर जवळजवळ सगळीच विभाग एकमध्ये येते! त्यात वर माळा काढलेला असेल तर छत सात फुटांवर, म्हणजे छतातला दिवाही त्या रेषेच्या आत. हात वर केला की लागेल असा. माळ्याखालच्या बाथरूममध्ये उघडा होल्डर आणि बल्ब लावायचाच नाही. बंदिस्त, पाणीरोधक फिटिंगच हवं.

१२. दोरी, बटण आणि ३० मिलीअँपिअर

ब्रिटनमध्ये बाथरूमच्या आत भिंतीवर साधं बटण सहसा दिसत नाही. छतावरून लोंबणारी दोरी ओढून दिवा लावतात. आपल्या जुन्या घरांत बोर्ड दाराबाहेर असे, त्यामागेही ओला हात बटणापासून लांब ठेवण्याचाच विचार. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध खूप कमी होतो, त्यामुळे बाथरूममधला धक्का जास्त घातक. यावरची ढाल म्हणजे आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. महागडा मिरर लाइट घ्यायच्या आधी मेन बोर्डात आरसीसीबी आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

१३. काचेपलीकडे सेन्सर आंधळा

हालचाल टिपून आपोआप लागणारे दिवे हल्ली सर्रास मिळतात. त्यांतले बहुतेक अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवर चालतात. हे किरण साध्या काचेतून पार जात नाहीत. शॉवरला काचेचं पार्टिशन असेल तर आत उभं राहून साबण लावणारा माणूस त्या सेन्सरच्या लेखी खोलीतच नसतो, आणि ऐन अंघोळीत अंधार होतो. काचेचं पार्टिशन असेल तर सेन्सर वॉश बेसिन आणि कमोडच्या बाजूपुरता ठेवा, किंवा काचेतून पलीकडे पोचणारा मायक्रोवेव्ह सेन्सर मागा.

१४. बेडकाने उलगडलेली झोप

रात्री दोन वाजता बाथरूमचा पांढरा दिवा लावला की परत झोप लागायला वेळ का लागतो? डोळ्यांत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. ते पहिल्यांदा हाती लागलं ते १९९८ साली बेडकाच्या त्वचेत. मग ते माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातही सापडलं. निळ्या उजेडाने ते जागं होतं आणि मेंदूला कळवतं की दिवस उजाडला. म्हणून रात्रीचा दिवा पिवळसर, मंद आणि खाली, फरशीपासून वीतभर-हातभर उंचीवर लावा. डोळ्यांत झोत जात नाही, पण उंबरठा, पायपुसणं आणि सांडलेलं पाणी दिसतं. ज्येष्ठांसाठी हे आणखी गरजेचं. बाहुली लहान झाल्यामुळे आणि भिंग पिवळं पडल्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नातवाला लख्ख वाटणारी बाथरूम आजीला अंधारी वाटते. म्हणून तिच्या वापराच्या बाथरूममध्ये दोन व्यवस्था हव्यात: दिवसाला भरपूर उजेड आणि रात्रीला पायापाशी मंद दिवा.

१५. कॅमेऱ्याला दिसतं ते डोळ्यांना नाही

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे हलक्या दर्जाच्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभरदा वर-खाली होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुकानात मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, जमल्यास स्लो मोशनमध्ये. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत द्या. पाच सेकंदांची ही परीक्षा खोक्यावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त सांगते.

१६. ३४ वर्षांचा दिवा तिसऱ्या वर्षी का जातो?

२५,००० तास आयुष्य छापलेला दिवा रोज दोन तास लावला तर हिशोबाने ३४ वर्षं चालावा. प्रत्यक्षात बऱ्याचदा एलईडी शाबूत राहतो आणि आतला ड्रायव्हर मरतो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. गिझरची वाफ आणि बंद डब्यात कोंडलेली उष्णता ते आणखी तोडते. म्हणून ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असं फिटिंग निवडा. साधं बल्ब लावायचं फिटिंग घेतलंत तर होल्डर बघून घ्या: आपल्याकडे पिनवाला बी २२ रुळलेला आहे, पण फॅन्सी फिटिंगमध्ये आट्यांचा ई २७ किंवा बारका ई १४ निघतो आणि तो बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

१७. खारा वारा, क्षाराचं पाणी

मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर क्रोमची चकाकी लवकर फुलते आणि खाली गंज दिसतो. तिथे प्लास्टिकची बॉडी किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेला नेहमीच्या ३०४पेक्षा चांगलं तोंड देतं. बोअरचं जड पाणी असलेल्या गावांत काचेवर पांढरे क्षार बसतात आणि उजेड हळूहळू कमी होत जातो. तिथे नक्षीदार, खाचाखोचांचं आवरण टाळा. ओल्या फडक्याने एका हातात पुसता येईल असं गुळगुळीत घ्या.

१८. आरशावरचं धुकं

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच गरम अंघोळीनंतर आरशाला होतं: वाफ गार काचेवर येऊन थेंब बनते. काही आरशांच्या पाठीमागे काच किंचित कोमट ठेवणारी पातळ तापपट्टी असते, त्यामुळे थेंब धरत नाहीत. ती हवी असेल तर तिची वायरही दिव्याच्या वायरसोबत आधीच काढून घ्यावी लागते. नको असेल तर चांगला एक्झॉस्ट फॅन लावा. तो आरसाही सुकवतो आणि दिव्याच्या फिटिंगचंही आयुष्य वाढवतो.

१९. पाँपेईपासून पहिल्या अंघोळीपर्यंत

इ. स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या एका सार्वजनिक स्नानगृहात हजाराहून अधिक तेलाचे दिवे सापडले. रोमन विचारवंत सेनेका याने तर स्नानगृहांच्या उजेडावर एक पत्रच लिहिलं आहे. थोर सेनापती स्किपिओ भिंतीतल्या फटींतून येणाऱ्या उजेडात अंघोळ करायचा आणि आताच्या लोकांना मात्र दिवसभर ऊन आत घेणाऱ्या मोठ्या खिडक्या लागतात, असं त्याचं म्हणणं. ग्रॅनडाच्या अलहम्ब्रा राजवाड्यात स्नानगृहाच्या छताला चांदण्यांच्या आकाराचे झरोके आहेत. आणि आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटेच्या अभ्यंगस्नानात, उटणं लावलेल्या ओल्या माणसाला निरांजनाने ओवाळतात. तो दिवा हातात, चेहऱ्यासमोर धरलेला असतो. उजेड माणसासाठी, हे आपल्या दिवाळीच्या रीतीत पहिल्यापासून आहे.

दुकानात निघताना खिशात ठेवा

- आरशाशी: दोन बाजूंना दोन दिवे, ३००० ते ४००० केल्व्हिन, सीआरआय ९०च्या पुढे, दुधी आवरण, आयपी ४४.
- शॉवरशी: बंदिस्त फिटिंग, आयपी ६५.
- रात्रीसाठी: फरशीजवळ मंद पिवळसर दिवा, वेगळ्या बटणावर.
- खोक्यावर: बीआयएसची खूण, ल्युमेन, वॉरंटी, ड्रायव्हर सुटा मिळतो का, ते विचारा.
- मेन बोर्डात: ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी.

आणि शेवटचं: पॉइंट आधी, टाइल मागून

यातलं सगळं पटलं तरी टाइल्स बसून गेल्यावर हात बांधले जातात. आरशाच्या दोन बाजूंचे पॉइंट आधी काढायचे तर लागते चार-पाच मीटर वायर आणि तासा-दोन तासांचं काम. मागाहून काढायचे तर नवी भिंत फोडावी लागते आणि त्याच शेडची टाइल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून प्लास्टर ओलं आहे तोवरच घरातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या माणसाला बेसिनच्या जागी उभं करा, दोघांच्या डोळ्यांच्या पातळीवर खडूने रेघ ओढा आणि वायरमनला सांगा: पॉइंट या दोन रेघांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना.